भारा कुठला, हे विचारायचं नसतं

या हकिकतीत मी कोणाचंही नाव लिहिणार नाही, बोर्डाचंसुद्धा नाही. बोर्ड कधीच मोडीत निघालं, त्यातली बरीच माणसंही गेली. पण नाव लिहिलं की कोणाचा तरी नातू वहाणा काढायच्या आधीच जाब विचारायला दारात उभा राहतो. अजून कोणी आलेलं नाही, हे खरं. पण येईल. माझा स्वभावच तसा आहे. रस्त्यात थांबून कोणी "बरं आहे ना, मास्तर?" म्हणालं, तर याला आपल्याकडून काय पाहिजे असेल याचा विचार करत मी घरापर्यंत जातो.

आईवडील भोळे होते. थोरला भाऊ, माझा दादा, त्यांच्यावर गेला. घरातला सगळा संशय देवाने माझ्या एकट्याच्या वाट्याला घातला असावा. दादा मराठी चौथीपर्यंत शिकला आणि नांगराला लागला. शेणव्याजवळ आमची भाताची खाचरं होती आणि वर उतारावर थोडी नाचणी. मी सातवीची फायनल परीक्षा पास झालो आणि मुरबाडच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. शाळा लोकल बोर्डाची, तालुक्यातल्या शाळा-रस्ते बघायचं ते बोर्ड, म्हणजे माझी भाकरीही बोर्डाचीच.

एकोणीसशे तीस साल उलटून गेल्यावर दादा त्याच बोर्डाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला. लोकांनी त्याला हार घातले. मी मात्र एका बाजूला उभा राहून, यातल्या कोणी कोणी आपल्याला मत दिलं नसेल ते चेहऱ्यांवरून ओळखायचा प्रयत्न करत होतो. दादाला ते कळलं. तो हसला आणि म्हणाला, "आता निवडून आलो ना? सोड."

शहापुराहून शेणव्यावरून मुरबाडकडे जाणारा रस्ता आमच्या बांधाला लागून जायचा. रस्ता बोर्डाचा आणि कडेचे आंबेही बोर्डाचे. दादा बोर्डावर गेला तेव्हापासून गावात एक बोलणं सुरू झालं. रस्त्याला खड्डा पडला की लोक त्याला म्हणायचे, "तुजा रस्ता खचला, बघ." मोहोर धरला की म्हणायचे, यंदा तुझ्या आंब्यांना बरा मोहोर आहे. दादाही हसायचा. ही थट्टा कोणी खरी धरत असेल, हे माझ्यासारख्या संशयी माणसाच्याही डोक्यात आलं नाही.

बोर्डावर जाऊन दादाने एकच गोष्ट हट्टाने केली. शेणव्याच्या वरच्या अंगाला डोंगरात ठाकर आदिवासींची एक वाडी होती. तिथे शाळा पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. रस्ते कमिटीचे चेअरमन जंगलाचे कंत्राटदार होते. त्यांना आधी आपल्या कूपाकडे, म्हणजे तोडीला घेतलेल्या जंगलाच्या पट्ट्याकडे, जाणारा रस्ता पाहिजे होता. सभेत हात वर झाले आणि एका हाताने शाळा जिंकली. चेअरमननी दादाच्या पाठीवर थाप मारून त्याचं अभिनंदन केलं. घरी आल्यावर दादाने ते मला कौतुकाने सांगितलं. मी म्हटलं, सदरा काढून बघ, वळ उठला असेल.

आमच्याकडे भाताचं बी टाकायची जमीन आधी भाजून घेतात. त्याला राब म्हणतात. जमिनीवर शेण पसरायचं, त्यावर झाडांचे टहाळे, त्यावर पालापाचोळा आणि वरून मातीचा पातळ थर. उन्हाळ्यात हे पेटवून द्यायचं. टहाळे ऐनाचे, किंजळीचे. ते थंडीत तोडून, रचून, वाळवून ठेवायचे. एका घराच्या हातून हे काम होत नाही, म्हणून पाळीने एकमेकांकडे जायचं. येणाऱ्याने डोक्यावर एक भारा घेऊन यायचं. घरच्याने भारा उतरायला हात लावायचा, गुळाचा खडा आणि पाणी द्यायचं. भारा कुठला, हे विचारायचं नसतं. विचारलं म्हणजे आणणाऱ्याला चोर म्हटल्यासारखं होतं. ज्या घरात असं एकदा विचारलं जातं, त्या घरी पुढच्या वर्षी कोणी भारा आणत नाही.

शाळा मंजूर झाली त्याच वर्षी आमच्या बाजूच्या डोंगरात तोड बंद झाली. ऐनाला हात लावला की जंगलचा शिपाई कोयता जप्त करायचा. सगळा गाव राबाच्या काळजीत होता. अशा वर्षी दादाची पाळी आली. मी रजा काढून मुरबाडहून चालत निघालो, तो दुपारी शेतावर पोचलो. भारे उतरून झाले होते, आलेली माणसं सावलीला बसून जेवत होती. पाचसहा गावांची माणसं होती, वरच्या वाडीतलीही होती. कोणी काय आणलं ते मला दिसलं नाही. मला दिसला तो फक्त रचलेला ढीग.

ढिगाच्या एका बाजूला आंब्याचे टहाळे होते. आंब्याचं पान कुठेही ओळखू येतं. ते लांब असतं, चिवट असतं, आणि चुरगाळलं की कैरीचा वास येतो. आमच्याकडे फळाच्या झाडाला कोणी राबासाठी कोयता लावत नाही. घरचा आंबा तर नाहीच. मग हे आंबे कुठले? मी दादाकडे बघितलं. त्यानेही माझ्याकडे बघितलं आणि मग तो एका म्हाताऱ्याला भात वाढायला वाकला. मी काही विचारलं नाही. रीत पाळली असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मला उत्तराची भीती वाटली होती.

दुसऱ्या दिवशी उगाच पाय मोकळे करायला म्हणून मी शहापुरच्या अंगाला चालत गेलो. वळणापलीकडे रस्त्याकडेचे सात आंबे नुसते खराट्यासारखे उभे होते.

चौथ्या दिवशी रस्त्याचा मुकादम आला. हा माणूस एरवी सहा सहा महिने तोंड दाखवत नसे. तो रस्त्याने आला, बांधावरून उतरला आणि इकडेतिकडे न बघता सरळ ढिगाकडे गेला. दोन पानं उचलून त्याने मुंडाशाच्या टोकाला बांधली आणि आल्या वाटेने निघून गेला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, असं वहिनी म्हणाली. मला ते पटलं नाही. याला कोणीतरी पाठवलं होतं, आणि कोणी, हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता.

पण मी इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. चेअरमन डाव साधतायत हे मला दिसत होतं, आणि दादा धुतल्या तांदळासारखा आहे हेही मला वाटत नव्हतं. दोन्ही संशय माझ्या पोटात शेजारी शेजारी राहायला लागले. दादाने कोयत्याला नवी मूठ बसवली, तर मी म्हणायचो, जुनी कशाने मोडली? बाजाराला जाताना त्याने गाडी वळणावरून न नेता आडवाटेने नेली, तर मी मनात टिपून ठेवायचो. आणि त्या वर्षी गावातला पहिला राब दादाने पेटवला. सगळे चैत्र निघायची वाट बघत होते, तेव्हा आमच्या शेतातून धूर निघाला. मुरबाडला मला ही बातमी कळली तेव्हा मी खडू हातात घेऊन तसाच उभा राहिलो. पुरावा जाळला, हा शब्द माझ्या मनात आला. भावाबद्दल पोलिसाचा शब्द.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बोर्डाचा शिपाई शाळेत चिठ्ठी घेऊन आला. शहापुरला बोर्डाच्या बंगल्यावर चौकशी आहे, हजर राहावं. मी गेलो. टेबलापलीकडे तिघं बसले होते आणि मधल्या खुर्चीत चेअरमन होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. बोर्डाने मास्तरला चहा पाजला की समजून जावं. पण मी चहा प्यायलो.

चेअरमन फार गोड बोलले. तुम्ही शिकलेले, पोरांना खरं बोलायला शिकवणारे. तुमच्या भावाचं वाईट व्हावं असं आम्हाला तरी कुठं वाटतं? फक्त एवढंच सांगा, ढिगात आंब्याचे टहाळे होते की नव्हते? मी म्हटलं, होते. कोणी आणले? मी म्हटलं, माहीत नाही. भावाने आणले नाहीत, असं खात्रीने सांगता? मी गप्प राहिलो. ते गप्प राहणंही त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. बाहेर पडताना मी विचारलं, दादाला कधी बोलावणार? चेअरमन म्हणाले, बोलावू की, त्यांना विचारल्याशिवाय का पुढं जाणार आहोत?

शहापुरहून मुरबाडला चालत जायचं म्हणजे वाटेत आमचं घर. दादा खळ्यात दोर वळत बसलेला मला लांबूनच दिसला. मी उपरणं डोक्यावरून घेतलं आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, मान खाली घालून, आपल्याच घरावरून पुढे निघून गेलो. आयुष्यात मी बऱ्याच लाजिरवाण्या गोष्टी केल्या असतील. ही आठवली की अजून कान तापतात.

दादाला कोणी बोलावलं नाही. कमिटीने अहवाल दिला, बोर्डाने ठराव केला, पावसाळ्याआधी वरून हुकूम आला. सभासदाने गैरवर्तन केल्याचं शाबीत झालं आहे, सबब त्याला काढून टाकण्यात येत आहे, पुढच्या निवडणुकीलाही त्याला उभं राहता येणार नाही. हुकूम चावडीवर वाचून दाखवला. गैरवर्तन हा शब्द गावात कोणाला नीट कळेना. एकाने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि चार दिवसांत त्या शब्दाचा अर्थ चोरी असा ठरला.

काल हार घालणारी माणसं आता दादाकडे बघून न बघितल्यासारखं करायला लागली. त्याहून वाईट म्हणजे काही जण फार प्रेमाने वागायला लागले. ज्यांनी आपापल्या राबात काय काय घातलं होतं ते देवालाच ठाऊक, ते नाकाने कांदे सोलत फिरत होते. लावणीला दादाच्या शेतात दरवर्षीच्या निम्मी माणसं आली. वरच्या वाडीतली मात्र सगळी आली. मला त्यातही काळंबेरं दिसलं.

दादाने ठाण्याच्या कोर्टात दावा लावायचं ठरवलं. मला आश्चर्य वाटलं. जमिनीच्या बांधावरूनही तो कधी भांडला नव्हता. तो म्हणाला, सभासदपण गेलं तर गेलं, पण तो शब्द काढून टाकायचा. मला त्याने बरोबर घेतलं, कारण कागद मीच वाचणार. माझ्या खिशात काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. खिशात म्हणजे मनात. बंगल्यावरच्या त्या जबाबाबद्दल मी घरात कोणालाच बोललो नव्हतो.

वकील म्हातारे होते आणि स्पष्ट होते. दादाने त्यांना सांगायला सुरुवात केली, की साहेब, ती झाडं मी... त्यांनी हात वर केला. म्हणाले, ते मला सांगू नका. कोर्ट तुमचे आंबे बघणार नाही. बोर्डाने हुकूम करताना कायद्याची रीत पाळली की नाही, एवढंच कोर्ट बघणार.

दादा पुढे सरकला. मग म्हणाला, "म्हंजे मी केला का नाय केला, ता कोन बघनार?"

"ते कोणीच नाही," वकील म्हणाले.

मी त्या वेळी दादाच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो काय सांगणार होता? "ती झाडं मी तोडली" की "ती झाडं मी तोडली नाहीत"? वाक्य अर्धं राहिलं होतं आणि मला ते पुरं करून घ्यायची हिंमत नव्हती. पायऱ्या उतरताना विचारता आलं असतं. मी गाडीच्या वेळेबद्दल बोललो.

पुढे एकदा वकिलांनी विचारलं, की त्या दिवशी कामाला आलेल्यांपैकी कोणी साक्ष देईल का? दादा ताडकन म्हणाला, नाही. त्या माणसांची नावं कोर्टात जायची नाहीत. चोराच्या मनात चांदणं, असं मला वाटलं. साक्षीदार बोलावले तर ते खरं बोलतील याची याला भीती आहे, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

दाव्याला पुढे दीड वर्ष लागलं. तारखा पडत होत्या. एका तारखेला बोर्डाच्या वकिलाने चौकशीचे कागद वाचायला घेतले, आणि मला कळलं की आता येणार. आलंच. "आरोपिताचा सख्खा भाऊ, बोर्डाच्या शाळेतील शिक्षक, याने कबूल केले आहे की..." दादा माझ्या शेजारी बाकावर बसला होता. त्याने मान वळवली नाही. त्याने फक्त दोन्ही हात गुडघ्यांवरून उचलून मांडीत घेतले. बोर्डाचा वकील वाचत गेला. होते. माहीत नाही. उत्तर दिले नाही. खाली माझी सही, माझ्या वळणदार अक्षरात.

आमच्या गावचा एक माणूस दुसऱ्या कामाने कोर्टात आला होता. तो आमच्या आधी पोचला. आम्ही जेवायला बसलो तेव्हा वहिनीने मला भात वाढला, वर आमटी वाढली, आणि चुलीकडे तोंड करून म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." दादा म्हणाला, जेवू दे त्याला. उठून जायचा मला धीर नव्हता, म्हणून मी सगळा भात संपवला.

एवढं झाल्यावर तरी त्याने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. त्याने दिल्या नाहीत. पुढच्या तारखेला निघताना नेहमीसारखी हाक मारली, कागदांची पिशवी माझ्याकडेच दिली. मी त्यातही शोधत राहिलो. हा मला माफ करतोय, की याच्याकडे बोलायला तोंड नाही? खरं असेल तर माणूस चिडतो. हा चिडत का नाही?

शेवटी निकाल लागला. तो इंग्रजीत होता, वकिलांनी आम्हाला व्हरांड्यात उभं करून मराठीत सांगितला. झाडं कोणी तोडली, हे ठरवायला कोर्ट बसलेलं नाही. पण ज्याच्यावर आळ घेतला, त्याला बोर्डाने एकदाही बोलावून विचारलं नाही. आणि ज्याच्याशी त्याचं वाकडं, तोच न्याय द्यायला मधल्या खुर्चीत बसला. अशा रीतीने काढलेला निष्कर्ष निष्कर्षच नव्हे. हुकूम रद्द. गैरवर्तनाचा शेरा रद्द. वकिलांना आनंद झाला होता. त्यांनी दादाला म्हटलं, जिंकलात. दादाने त्यांना वाकून नमस्कार केला.

आसनगाव स्टेशनला उतरून आम्ही शहापुरकडे चालत निघालो. ऊन कलायला लागलं होतं. मी बडबडत होतो. आता चेअरमनचं तोंड बघण्यासारखं होईल, चावडीवर निकाल वाचायला लावू, मीच वाचतो. दादा ऐकत होता. ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर तो बसला, वहाणेतला खडा काढला आणि वहाण परत पायात घातली.

"त्यांनी मला इचारला नाय, म्हनून हुकूम मोडला," तो म्हणाला. "तू तरी कदी इचारलास?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उलट काहीतरी बोललो असतो, मला ते येतं. मी समोर बघितलं. रस्त्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. विचार, आत्ता विचार, असं मी स्वतःला सांगत होतो. पण मला वाटलं, हा "हो, मीच तोडली" म्हणाला तर? कोर्टाने नुकताच जो शब्द पुसला, तो मी उकरून काढू? आणि "नाही" म्हणाला, तर माझा त्यावर विश्वास बसेल का? हे दुसरं जास्त खरं होतं. मी म्हटलं, शेणव्याकडची एखादी बैलगाडी मिळते का बघू. दादा उठला आणि आम्ही चालायला लागलो.

चावडीवर निकाल वाचला. लोक म्हणाले, सुटला. निर्दोष असं कोणी म्हणालं नाही. शहाणा वकील मिळाला, कागदात चूक निघाली, म्हणून सुटला. दादा बोर्डाच्या उरलेल्या दोन सभांना जाऊन बसला. मुदत संपल्यावर परत उभा राहिला नाही. चेअरमन पुढेही काही वर्षं चेअरमन होते. त्यांचा कूपाचा रस्ताही झाला.

नंतर दुसरी मोठी लढाई सुरू झाली. रॉकेल मिळेना, कापड मिळेना, आणि अशा दिवसांत माझी बदली झाली ती नेमकी वरच्या ठाकरवाडीच्या शाळेवर. दादाने एका मताने जिंकून आणलेल्या. मला ती बदलीही संशयास्पद वाटली, पण कारण सापडलं नाही. शाळा म्हणजे कुडाची एक खोली. समोर एका म्हातारीचं झोपडं होतं, ती मला पाणी आणून द्यायची. तिचा नातू माझ्याकडे दुसरीत होता. दोन वर्षं मी तिथे शिकवलं. तिच्याशी पाण्यापावसापलीकडे कधी बोललो नाही.

एका माघात मी शाळा सुटल्यावर बाहेर ओट्यावर बसलो होतो. खालच्या रस्त्यावरचे ते सात आंबे आता परत भरले होते, इथून वरून दिसायचे. म्हातारी तिकडे बघत सहज म्हणाली, की तुझ्या दादाची झाडं चांगली फुटली. मी म्हटलं, दादाची कसली, बोर्डाची. ती म्हणाली, तेच ते. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, ती सांगायला लागली.

"तुजा दादा बोर्डात व्हता ना? सगली म्हनायची, त्याचा रस्ता, त्याचे आंबे. आमाला शाला दिली त्यानं. जंगल बंद, भारा आनायचा कुठना? मंग आमी त्याच्याच झाडांचा त्याला नेला. आमच्या राबाला एक पान नाय घेतला हो. दुसऱ्याची वस्तू."

मी विचारलं, दादाला हे कधी कळलं? ती म्हणाली, भारे उतरताना कळलं. पण भाऱ्यावर कोण बोलणार? त्याने गूळ दिला, पाणी दिलं. दिवस मावळताना तो एकटा वर वाडीत आला. सगळ्यांना बसवून सांगितलं, ती झाडं माझी नाहीत, परत हात लावू नका. आणि हेही सांगितलं, की कोणाला बोलू नका, नाहीतर तुम्हाला धरून नेतील, शाळाही काढून घेतील. कोणी विचारलंच तर माहीत नाही म्हणा. म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "पन आमाला कोनी इचारलाच नाय," ती म्हणाली. "तू दोन वरसा हायस हितं. तू बी नाय."

दादाच्या अर्ध्या राहिलेल्या वाक्याचा, साक्षीदार नकोत म्हणण्याचा, पहिल्या पेटवलेल्या राबाचा, सगळ्याचा उलगडा त्या ओट्यावर बसल्या बसल्या झाला. पुरावा त्याने जाळला होताच, पण तो त्याच्याविरुद्धचा नव्हता. मला रडू आलं, आणि रडताना रागही आला. त्याने मला सांगितलं का नाही? सख्ख्या भावाला? मग आठवलं, त्या सख्ख्या भावाची सही कुठे होती ते.

रविवारी मी खाली गेलो. दादाकडे राबाचा दिवस होता. नुसतं जायला मला लाज वाटली, म्हणून मी वाडीतल्या माणसांबरोबर ऐनाचा एक भारा डोक्यावर घेतला. मास्तरकी करून मान कच्ची झाली होती, दोनदा थांबलो. दादा आता वाकला होता. त्याने पुढे येऊन माझ्या भाऱ्याला हात लावला, उतरवला, आणि इतरांना देत होता तसाच गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. भारा कुठला, हे त्याने विचारलं नाही. मला वाटत होतं, त्याने विचारावं. काहीही विचारावं.

माणसं जेवायला बसली तेव्हा मी त्याला ढिगामागे गाठलं.

"दादा," मी म्हटलं, "त्या वर्षी ते आंब्याचे भारे कोणी आणले होते?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग वर डोंगराकडे, वाडीच्या दिशेला बघितलं आणि त्याला समजलं.

"आता तुला ठाव झाला, म्हनून इचारतोस," तो म्हणाला. "ठाव नव्हता तवा इचारायचा व्हता रे."

तो जेवणाऱ्यांकडे वळला. माझा भारा अजून तसाच बांधलेला होता. मी खाली बसलो आणि त्याची गाठ सोडायला लागलो.